कामावरील अपघात आणि भरपाईचा हक्क

आपल्या वसतिगृहाच्या प्रवेश अर्जात पालकांच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. त्यात ऊसतोड, वीटभट्टी, सेंट्रिंगचे काम, औद्योगिक वसाहतीतील प्रेस मशीन, ट्रकवरील क्लीनर, नगरपालिकेची सफाई अशा नोंदी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. काही अर्जांत त्या रकान्यापुढे 'वडील हयात नाहीत' एवढेच लिहिलेले असते. मुलाला घेऊन आलेल्या मामाला किंवा आजीला विचारले, तर कधी कधी समजते की ते कामावर असतानाच गेले. मालकाने काय दिले, असे पुढे विचारले की उत्तर बहुधा दोन शब्दांत मिळते : 'मदत केली.' कोणी अंत्यविधीचा खर्च उचललेला असतो, कोणी काही हजार रुपये हातावर ठेवलेले असतात आणि घरची माणसे त्याबद्दल मालकाचे उपकार मानत असतात.

कायद्याच्या पुस्तकात या प्रसंगासाठी 'मदत' हा शब्द नाही. तेथे 'दायित्व' हा शब्द आहे. हा फरक समजून घेतला नाही, तर कुटुंब लाखो रुपयांच्या हक्काला मुकते आणि मुकल्याचे त्याला कळतही नाही. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी, वकील म्हणून काम करीत आहेत. गावाकडे अपघात घडला की पहिला फोन त्यांनाच येतो. म्हणून हा विषय आम्ही येथे काहीशा विस्ताराने मांडीत आहोत.

कायदा कसा घडला

यंत्रयुगाच्या आरंभी इंग्लंडात मजुराचा हात यंत्रात गेला, तर भरपाई मिळविण्यासाठी त्याला मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे. चूक सोबतच्या मजुराची होती किंवा धोका माहीत असूनच तू काम पत्करलेस, एवढे म्हटले की मालक सुटत असे. भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. या कायद्याने प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे विचारणे त्याने सोडून दिले. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडला का, एवढाच प्रश्न उरला. उत्तर होकारार्थी असेल, तर मालकाने पैसे द्यायचे. मजूर थकलेला होता, घाईत होता, त्याचे लक्ष दुसरीकडे होते, या सबबींना त्यात जागा नाही. २०१० पासून त्याचे नाव 'कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम' असे झाले.

तथापि या कायद्यात एक मोठी उणीव राहिली होती. जखमी मजुराला पैसे मागायचे ते त्याच मालकाकडे, ज्याच्या दारात उद्या पुन्हा कामासाठी उभे राहायचे असते. मालक लहान असेल, तर त्याच्याकडून वसुली होईल याचीही शाश्वती नसते. यावर उपाय विम्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या कारकिर्दीत प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. बाबासाहेबांच्या राज्यघटनेविषयी आपल्या सभांतून पुष्कळ बोलले जाते. मजूर खात्यातील त्या चार वर्षांविषयी तेवढे बोलले जात नाही, हे आम्हांला नेहमी खटकते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले गेले. भरपाईचा सांगाडा मात्र फारसा बदललेला नाही. त्या तारखेपूर्वीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानुसारच चालतात आणि सध्या न्यायालयांत जे दावे प्रलंबित आहेत त्यांतील बहुसंख्य असेच असणार. म्हणून पुढील विवेचनात आम्ही १९२३ च्या कायद्यातील आकडे व नियम आधाराला घेतले आहेत. नव्या अपघाताच्या वेळी चालू मर्यादा काय आहे, एवढे आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

'नोकरीच्या ओघात' म्हणजे काय

कारखान्याच्या आत, कामाच्या वेळेत, यंत्रावर अपघात घडला तर वाद फारसा होत नाही. वाद होतो तो उंबरठ्यावर. मुंबईत बेस्टचा एक बसचालक काम संपवून, जोगेश्वरी डेपोत गाडी लावून दुसऱ्या बसने घरी निघाला होता. त्या बसला अपघात होऊन तो मरण पावला. त्याच्या पत्नीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शहराच्या विस्तारात वेळेवर कामावर हजर राहण्यासाठी चालकांना बसप्रवासाची सोय दिलेली आहे, ती सेवेचाच भाग आहे, असे मानून न्यायालयाने १९६३ साली तिच्या बाजूने निकाल दिला. साठ वर्षांनंतर तोच प्रश्न धाराशिव जिल्ह्यातून पुन्हा वर गेला. साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात दगावला. घटना २००३ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै २०२५ चा. कामाची वेळ, ठिकाण आणि प्रवास यांचा परस्परांशी संबंध दिसत असेल, तर घरून कामावर जातानाचा अपघातही नोकरीतलाच समजावा, असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेत हे तत्त्व आता लिखित स्वरूपातच आले आहे. एका पहारेकऱ्याच्या कुटुंबाला त्यासाठी बावीस वर्षे वाट पाहावी लागली, ही गोष्ट वेगळी.

कामाच्या जागी हृदयविकाराचा झटका आला, तर केवळ तेथे मृत्यू झाला एवढे पुरत नाही. कामाचा ताण किंवा श्रम आणि तो झटका यांचा संबंध दाखवावा लागतो. आदल्या दिवशी किती तास काम झाले होते, रात्रपाळी सलग किती दिवसांची होती, हे सोबत्यांकडून वेळीच लिहून घेतले तर उपयोगी पडते. आजारांनाही कायद्यात स्थान आहे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा रोग, उसाच्या बगॅसमधील धुळीने होणारा रोग हे सारे व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात आहेत. खाणीत किंवा क्रशरवर राबलेल्या माणसाचा खोकला क्षयाचाच समजून वर्षानुवर्षे औषधे दिली जातात आणि दाव्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

मालकाच्या बचावाची एक बाजू येथेच सांगितली पाहिजे. 'तो प्यायलेला होता', 'त्याने सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता', 'त्याने यंत्रावरची जाळी काढली होती', हे बोलणे अपघातानंतर तासाभरात सुरू होते. कायद्यात नशा, सुरक्षेच्या नियमाचा जाणूनबुजून भंग आणि सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणे हे अपवाद आहेत खरे. परंतु मृत्यू झाला असेल किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर हे अपवाद मालकाला वापरता येत नाहीत. मृताच्या पत्नीला नवऱ्याच्या दारूचे नाव घेऊन गप्प बसविले जाते, तेव्हा हा नियम तिला कोणीतरी सांगणे आवश्यक असते.

मालक कोण

आपल्या समाजातील बहुसंख्य मजूर थेट कंपनीचे नोकर नसतात. मध्ये ठेकेदार असतो, त्याच्या खाली उपठेकेदार, त्याच्या खाली मुकादम. अपघात झाला की कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखविते आणि ठेकेदाराचा फोन बंद होतो. कायद्याच्या बाराव्या कलमाने यावर मार्ग काढून ठेवला आहे. ज्याने आपल्या धंद्याचे काम ठेक्याने करून घेतले, त्या मुख्य मालकाकडून मजुराला थेट भरपाई मागता येते. नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. तो त्यांचा आपसातला व्यवहार आहे. मात्र अपघात मुख्य मालकाच्या ताब्यातील जागेत किंवा त्याने हाती घेतलेल्या कामाच्या परिसरात झालेला असावा लागतो. ऊसतोड मजुरांच्या बाबतीत हीच अट आडवी येते. कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टरखाली सापडलेला मजूर आणि दूरच्या फडात विजेच्या तारेने किंवा सर्पदंशाने गेलेला मजूर, दोघेही एकाच मुकादमाच्या टोळीतले असले, तरी दुसऱ्याच्या वेळी कारखाना हात झटकण्याचा प्रयत्न करतो. अशा दाव्यात मुकादम, वाहतूक ठेकेदार आणि कारखाना या सर्वांना प्रतिवादी करावे. कोणाला वगळायचे हे आयुक्त ठरवतील. उचल कोणाच्या खात्यातून आली, टोळीचा करार कोणाच्या नावे आहे, याचे कागद तेथे निर्णायक ठरतात. कोयता म्हणून नवरा-बायकोची जोडी धरली जाते आणि बायकोचे नाव कोठेच लिहिलेले नसते. तिच्या अपघातात हीच अडचण सर्वांत मोठी असते.

वाहनावरील चालक किंवा क्लीनर रस्त्यावरच्या अपघातात जखमी झाला, तर मोटार वाहन कायद्याखालचा दावा आणि हा दावा यांतून एकच निवडावा लागतो. दोन्हीकडे मागता येत नाही. निवड करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

रक्कम कशी ठरते

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणतात. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के धरतात. मृत्यूसाठी किमान १,२०,००० आणि संपूर्ण अपंगत्वासाठी किमान १,४०,००० रुपये ठरलेले आहेत. हिशेबासाठी वेतन कितीही असले, तरी ३ जानेवारी २०२० पासून महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. त्यापूर्वी ही मर्यादा ८,००० होती. गुणक वय वाढेल तसा उतरत जातो. पंचविसाव्या वर्षी तो २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७ असतो.

समजा, तीस वर्षे पूर्ण झालेला, महिना १८,००० रुपये मिळविणारा मजूर बांधकामावरून पडून मरण पावला. वेतन १५,००० धरले जाईल, त्याचे अर्धे ७,५००, आणि त्याला २०७.९८ ने गुणले की १५,५९,८५० रुपये होतात. अशा वेळी घरी येऊन कोणी पन्नास हजारांचे पाकीट पुढे केले, तर त्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरे उदाहरण प्रेस मशीनचे. पंचवीस वर्षांच्या, १२,००० रुपये वेतनाच्या तरुणाची एका हाताची चारही बोटे गेली. परिशिष्टात याला ५० टक्के कमाईक्षमतेची हानी म्हटले आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, अशी ती यादी आहे. बोटांचा असा भाव लावलेला वाचताना मन विषण्ण होते; पण यादी नसती तर तो भाव मालकाने लावला असता. या तरुणाचा हिशेब असा : १२,००० चे ६० टक्के म्हणजे ७,२००, गुणिले २१६.९१ म्हणजे १५,६१,७५२, आणि त्याचे अर्धे ७,८०,८७६ रुपये.

यादीतील टक्केवारीवर मात्र नेहमी थांबू नये. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला होता. यादीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व ठरत होते. परंतु एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याची कमाईक्षमता पूर्णपणे गेली, असे न्यायालयाने मानले. अपघात झाला त्या दिवसापासूनच भरपाई देय होते, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. मजूर पूर्वी कोणते काम करीत होता आणि आता त्याला ते करता येते का, हा प्रश्न डॉक्टरांच्या दाखल्यातही यावा, यासाठी नातेवाइकांनी आग्रह धरावा.

देय रक्कम एक महिन्यात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते. विलंबाला योग्य कारण नसेल, तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, म्हणून औषधाची एकही पावती टाकून देऊ नये.

कारखाना राज्य कामगार विमा योजनेत असेल आणि वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल, तर वरील दावा करता येत नाही. त्याऐवजी विमा महामंडळाकडून निवृत्तिवेतनासारखी नियमित रक्कम मिळते. मृताच्या अवलंबितांना मिळून त्याच्या सरासरी रोजच्या वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने ती दिली जाते. पत्नीला ती पुनर्विवाहापर्यंत किंवा हयातभर मिळते. कामावर लागून एकच दिवस झाला असला, तरी नोकरीतील इजेसाठी हा लाभ लागू होतो. अनेक मालक अपघात झाल्यावर धावपळ करून विमा क्रमांक काढतात, त्यावरून मागील वर्गणीविषयी काय समजायचे ते समजावे.

गटार किंवा सेप्टिक टाकीत उतरवलेल्या माणसाचा मृत्यू हा प्रकार वेगळा आहे. आवश्यक सुरक्षा साधनांशिवाय माणसाला तेथे उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये ठरविले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख करण्यात आली आणि कायमचे अपंगत्व आल्यास वीस लाख. हे काम कोणत्या वस्त्यांतील माणसांच्या वाट्याला येते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. अशा वेळी पोलिसांत नोंद करताना 'पाय घसरून पडला' असे लिहिले जाऊ नये, यासाठी नातेवाइकांनी तेथे उभे राहणे महत्त्वाचे असते.

पहिले पंधरा दिवस आणि पुढची दोन वर्षे

दावा आयुक्तांकडे करायचा असतो. कामगार न्यायालयाचे किंवा काही जिल्ह्यांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहतात. अपघात पुण्यात झाला आणि कुटुंब बीड किंवा नांदेडच्या गावी परतले असेल, तर राहत्या ठिकाणच्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. १९९५ च्या दुरुस्तीने झालेली ही सोय अजूनही लोकांना माहीत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्यावर विसंबून राहू नये.

मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडे जमा करूनच द्यावी लागते. मालकाने घरी येऊन परस्पर दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाही. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल एवढाच त्याला अपवाद. म्हणून 'सर्व हक्क सोडले, पुढे तक्रार नाही' असे शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर लिहून घेतलेले कागद दिसतात तितके भक्कम नसतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे आणि तडजोड झालीच, तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. एखाद्या कुटुंबाने असा कागद करून दिला असेल, तरी सारे संपले असे समजू नये. असा कागद न करणे हे अर्थातच अधिक चांगले.

रक्कम आयुक्तांमार्फत येण्याचे दुसरेही एक महत्त्व आहे. विधवा पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांचे वाटे आयुक्त ठरवितात. अज्ञान मुलांचा वाटा बँकेत गुंतवून ठेवण्याचा आदेशही ते देऊ शकतात. पैसे दिराच्या खात्यावर गेले आणि सून माहेरी पाठविली गेली, असे प्रकार आपल्या समाजातही घडतात, हे मान्य केले पाहिजे. वसतिगृहात दाखल होणाऱ्या अशा मुलांच्या नावे एखादी ठेव असती, तर त्यांचे दहावीनंतरचे शिक्षण अडले नसते.

पुरावा मात्र पहिल्या पंधरवड्यातच गोळा होतो. पोलिसांची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रुग्णालयात प्रथम दाखल करतानाचा कागद यांच्या प्रती मिळवाव्यात. त्या पहिल्या कागदावर 'घरी पडला' असे लिहिले गेले, तर ते पुढे खोडणे फार कठीण जाते. हजेरीपुस्तकाचे पान, पगार जमा झाल्याची बँक नोंद, मुकादमाने मोबाइलवर पाठविलेले पैसे व निरोप, कामाच्या जागेचे छायाचित्र, सोबत काम करणाऱ्या दोघातिघांचे पत्ते, हे सारे जपून ठेवावे. मजुरांची टोळी हंगाम संपला की पांगते आणि मग साक्षीदार सापडत नाहीत. मालकाला लेखी सूचना नोंदणी टपालाने पाठवावी व पोचपावती सांभाळावी. बांधकाम मजूर कल्याणकारी मंडळात नोंदलेला असेल, तर मंडळाच्या अर्थसाहाय्यासाठी वेगळा अर्ज करावा. त्यामुळे मालकावरील दाव्याला बाध येत नाही.

खर्चाच्या भीतीनेही अनेक जण मागे सरतात. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे साधा अर्ज करावा लागतो.

शेवटी एक गोष्ट आमच्या कार्यालयाशी संबंधित आहे. गुणक वयावर अवलंबून असल्याने वयाच्या पुराव्याला या दाव्यात मोल असते आणि अनेक मजुरांच्या आधार कार्डावर जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते. मृत किंवा जखमी व्यक्ती आपल्या शाळेत शिकलेली असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला हा वयाचा ग्राह्य पुरावा म्हणून दाखल करता येतो. मूळ दाखला हरवला असला, तरी शाळेच्या नोंदवहीवरून दुसरी प्रत देता येते. त्यासाठी नातेवाइकांपैकी कोणीही, शाळा सोडल्याचे वर्ष अंदाजे सांगितले तरी चालेल, अर्ज घेऊन कार्यालयात यावे.